तिकिटाला पत्ता कशाला हवा?

बेळगावच्या मध्यवर्ती बसस्थानकावर कधीतरी अर्धा तास नुसतं उभं राहून बघा. वायव्य कर्नाटक परिवहनच्या गाड्या तर असतातच. शिवाय कोल्हापूरकडून आलेली लालपरी असते, घाट चढून आलेली गोव्याची कदंब असते. तीन राज्यं, तीन महामंडळं, तिकीट फाडायची तीन वेगळी यंत्रं. माणसं मात्र तीच. सकाळी यातल्या एका गाडीने आलेली बाई संध्याकाळी दुसऱ्या गाडीने परत जाते, आणि मधे कुठे राज्य बदललं हे तिला फक्त मोबाईलवर 'वेलकम'चा मेसेज आला की कळतं.

या तिन्ही गाड्यांत आजवर एक गोष्ट बिनबोभाट चालत आली, ती म्हणजे नोट. दहाची नोट कुठल्या राज्याची हे कुठल्याच कंडक्टरने विचारलं नाही. तिच्या मागच्या बाजूला १५ भाषांची पट्टी असते. त्यात वरून चौथी कन्नड आहे, सहावी कोकणी आणि आठवी मराठी. बेळगावच्या बसस्थानकावर ज्या तीन भाषा कानावर पडतात त्या तिन्ही एकाच कागदावर, एकाच आकाराच्या अक्षरात, शांतपणे एकमेकींच्या खाली बसल्यात. आपल्याकडे असं दृश्य फार ठिकाणी दिसत नाही.

आता या नोटेच्या जागी हळूहळू कार्ड येतंय. मोठ्या शहरांत ते आलंच आहे, आपल्याकडे येईल. मी कार्डाच्या विरोधात नाही, हे आधीच सांगते. उलट ते लवकर यावं असं मला वाटतं. पण येण्याआधी त्याला एक प्रश्न विचारून ठेवायला हवा: तू भाडं घ्यायला आलायस की पत्ता विचारायला?

आधी कार्डाची बाजू. बसने रोज जाणाऱ्याला सुट्ट्या पैशांचं दुखणं सांगायला नको. तिकीट अठराचं, हातात वीसची नोट, आणि कंडक्टर तिकिटाच्या मागे पेनाने '२' लिहून पुढे जातो. उतरताना आठवलं तर मिळतात, गर्दी असली तर सोडून द्यायचे. कंडक्टरचीही यात चूक नसते, त्याच्या पिशवीत सकाळपासून पाचशेच्याच नोटा पडलेल्या असतात. 'सुट्टे द्या' या दोन शब्दांवरून सीमाभागात जितकी भांडणं होतात तितकी भाषेवरूनही होत नसतील. आणि गंमत म्हणजे सुट्ट्यांच्या भांडणात दोघांनाही एकमेकांची भाषा नीट येते!

कार्डाने हे भांडण मिटतं. जगात हे तंत्र काही नवं नाही. हाँगकाँगमध्ये १९९७ पासून लोक एकाच कार्डावर रेल्वे, बस आणि फेरीबोटीने फिरतात, लंडनमध्ये २००३ पासून. आपल्याकडे दिल्ली मेट्रो २००२ मध्ये सुरू झाली तेव्हापासून कार्ड आहे, बंगळूरची नम्म मेट्रो २०११ मध्ये सुरू झाली तीही कार्डासकट. अडचण झाली ती अशी की ज्याने त्याने आपापलं कार्ड काढलं. मुंबईत बरीच वर्षं मेट्रोच्या पहिल्या मार्गाचं कार्ड वेगळं, बेस्टचं वेगळं, लोकलच्या तिकीट-यंत्राचं वेगळं. एकाच शहरात, एकाच माणसाच्या पाकिटात.

यावर उपाय म्हणून ४ मार्च २०१९ रोजी अहमदाबादेत 'नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड' जाहीर झालं. घोषणा होती 'वन नेशन, वन कार्ड'. हे कार्ड रुपेच्या जाळ्यावर चालतं आणि अनेक बँकांच्या नव्या रुपे डेबिट कार्डांवरही ही सोय असते. पुणे मेट्रोचं 'एक पुणे कार्ड' याच प्रकारातलं, जानेवारी २०२३ मध्ये आलेलं 'मुंबई वन' कार्डही याच प्रकारातलं. नम्म मेट्रोनेही त्याच वर्षी हे कार्ड घ्यायला सुरुवात केली. म्हणजे कागदावर तरी असं आहे की शिक्षणासाठी बेळगावहून पुण्याला गेलेली मुलगी तिथं घेतलेलं कार्ड बंगळूरला नोकरीच्या मुलाखतीला गेल्यावर मेट्रोच्या फाटकावर टेकवू शकते. सीमाभागातल्या आपल्यासारख्यांना, ज्यांचं शिक्षण एका राज्यात, नातेवाईक दुसऱ्या राज्यात आणि नोकरी देव जाणे कुठल्या राज्यात, याहून चांगलं काय पाहिजे?

हे कार्ड चालतं कसं ते जरा समजून घेऊ, कारण पुढचा सगळा मुद्दा त्यावर उभा आहे. फाटकावर किंवा बसमध्ये कार्ड टेकवलं की पैसे तुमच्या बँक खात्यातून त्या क्षणी जात नाहीत. तेवढा वेळ नसतो आणि बसमध्ये रेंजचा भरवसा नसतो. त्यामुळे थोडे पैसे कार्डावरच्या छोट्या चिपमध्ये आधीच भरून ठेवलेले असतात. त्याची मर्यादा २,००० रुपये. यंत्र चिपला विचारतं, पैसे आहेत का? चिप म्हणते, आहेत. तेवढे वजा होतात आणि फाटक उघडतं. ना पिन, ना ओटीपी, ना इंटरनेट.

या छोट्याशा संभाषणात तुमचं नाव कुठेच येत नाही, गाव येत नाही, मातृभाषा येत नाही. भाडं घ्यायला त्यातलं काहीच लागत नाही. रिझर्व्ह बँकेनेही हे मान्य केलंय. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिने बँका आणि इतर कंपन्यांना फक्त सार्वजनिक वाहतुकीसाठीची अशी कार्डं द्यायला परवानगी दिली ज्यांना केवायसी लागत नाही. त्यात जास्तीत जास्त ३,००० रुपये ठेवता येतात, आणि त्यातून रोख काढता येत नाही की दुसऱ्याला पैसे पाठवता येत नाहीत. म्हणजे आधार नाही, पॅन नाही, पत्त्याचा पुरावा नाही. दहाच्या नोटेचा स्वभाव कार्डात उतरवायचा असेल तर तो असा उतरतो.

मग पत्ता येतो कुठून? सवलतीतून.

कर्नाटकात ११ जून २०२३ पासून 'शक्ती' योजना सुरू आहे. राज्यातल्या रहिवासी महिलांना साध्या सरकारी बसमध्ये मोफत प्रवास. आमच्या घरातल्या चारही बायका या योजनेवर फिरतात, मीही कॉलेजला शून्य तिकिटावर येते. योजनेला नावं ठेवणाऱ्यांनी एकदा खानापूर तालुक्यातल्या एखाद्या गावात येऊन बघावं. ज्या बायका वर्षातून दोनदा, यात्रेला नि लग्नाला, बसमध्ये बसायच्या त्या आता दवाखान्यात एकट्या जातात, बाजार करतात, पोरीच्या कॉलेजात येऊन फी भरतात. राज्यशास्त्राच्या पुस्तकात याला मोठमोठी नावं आहेत. आमची आत्ती एवढंच म्हणते, "आता कुणाकडं पैशे मागायची गरज न्हाई."

महाराष्ट्रात १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, आणि ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना मोफत प्रवास. दोन्ही योजना चांगल्या आहेत, दोन्ही त्या त्या राज्याच्या तिजोरीतून चालतात, आणि म्हणून दोन्ही राज्याच्या हद्दीला थांबतात. शक्तीचं शून्य तिकीट कर्नाटकातल्या प्रवासापुरतं. एसटीची सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंत, पुढे पूर्ण भाडं.

याचा हिशोब आत्ती कसा करते बघा. बेळगाव ते कोल्हापूर साधारण ११० किलोमीटर. बेळगावहून निपाणीपर्यंत ती शून्य तिकिटावर येते. तिथे उतरते, एसटी पकडते. कोगनोळीपर्यंत पूर्ण भाडं, कागलपासून पुढे अर्धं. एका रस्त्यावर तीन दर, आणि हे सगळं तिला तोंडपाठ आहे. शाळा चौथीपर्यंत झालेली बाई! तिला अर्थशास्त्राचा पेपर दिला तर आमच्या वर्गातल्या निम्म्यांना मागं टाकेल.

सवलत हद्दीला थांबते याबद्दल माझी फार तक्रार नाही. ज्या सरकारला आपण कर देतो आणि मत देतो ते सरकार आपल्या रहिवाशांना सवलत देणार, यात गैर काय? कधी दोन्ही राज्यांनी बसून सीमेलगतच्या तालुक्यांपुरतं काही ठरवलं तर आनंदच आहे, पण तो वेगळा विषय. मला काळजी आहे ती या दोन गोष्टींची गाठ एकाच कार्डात मारली जाण्याची. भाडं भरण्याचं साधन आणि रहिवासाचा दाखला या दोन वेगळ्या वस्तू आहेत. शक्ती योजनेच्या पहिल्याच आदेशात स्मार्ट कार्डाची गोष्ट होती. 'सेवा सिंधू'वर अर्ज करायचा आणि कार्ड घ्यायचं, तोवर कर्नाटकाचा पत्ता असलेलं ओळखपत्र दाखवायचं. पुढे बराच काळ ओळखपत्रावरच, म्हणजे बहुतेक जणींच्या बाबतीत आधारवरच, काम भागत राहिलं.

आधार दाखवून तिकीट घेणं म्हणजे रोज काय होतं, हे ज्यांना दाखवावं लागत नाही त्यांना समजत नाही. भरलेल्या बसमध्ये एका हाताने दांडा धरून दुसऱ्या हाताने पर्समधून आधार काढायचं. कंडक्टर फोटो बघतो, मग पत्ता बघतो. शेजारचा उभा असलेला माणूसही बघतो. तुमचं नाव, जन्मतारीख, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, घर नंबर, गाव. बस थांब्यावर एखाद्या अनोळखी माणसाने हे विचारलं तर आपण सांगू का? इथे मात्र दिवसातून दोनदा दाखवतो. मुलींनो, तुम्हाला मी काय म्हणतेय ते कळतंय.

त्यातून सीमाभागातल्या सुनांची आणखी एक गंमत. आपल्याकडे रोटी-बेटीचा व्यवहार हद्द बघून होत नाही. कागलची मुलगी निपाणीत येते, बेळगावची चंदगडला जाते. लग्न होऊन निपाणीत आलेल्या मुलीच्या आधारवर माहेरचा पत्ता असेल तर शेजारीण मोफत आणि ही पैसे देऊन, एकाच बाकावर. पत्ता बदलून घेतला तर माहेरच्या राज्यातल्या इतर योजनांचं काय, हा विचार तिला करावा लागतो. चंदगड तालुक्यातून बेळगावला शिकायला आलेल्या माझ्या मैत्रिणीचंही तेच. चंदगडची बाजारपेठ बेळगाव, कॉलेज बेळगाव, दवाखाना बेळगाव, पण आधार महाराष्ट्राचं. गावाकडून येताना एसटी, शहरात फिरताना रोख.

म्हणूनच मी म्हणते की स्मार्ट कार्ड नीट केलं तर ते आधारपेक्षा कितीतरी बरं. रहिवासाची तपासणी एकदाच, कार्ड देताना, खिडकीवर करा. त्यानंतर कार्डात फक्त एवढंच लिहून ठेवा की सवलत आहे की नाही. बसमध्ये यंत्राला कार्ड लावलं की त्याने 'हो' किंवा 'नाही' एवढंच सांगावं. कंडक्टरला पत्ता दिसायची गरज नाही, शेजारच्याला तर नाहीच. मोफत तिकिटांचे पैसे सरकार महामंडळाला देतं, त्यासाठी किती तिकिटं गेली याचा हिशोब लागतो, हे खरं आहे. गैरवापर होऊ नये हेही खरं. पण मोजायला तिकिटांची संख्या पुरते, कोण बाई कुठल्या दिवशी किती वाजता कुठं गेली याची यादी लागत नाही.

आणि ज्याला सवलत नको किंवा मिळत नाही, त्याला साधं, बिननावाचं, पैसे भरून चालणारं कार्ड त्याच बसमध्ये चाललं पाहिजे. मग ते पुण्यात घेतलेलं असो की बंगळूरला.

सवलत पत्त्याशिवायही देता येते, याचं उदाहरण जवळच आहे. पुणे मेट्रोने ऑगस्ट २०२३ मध्ये विद्यार्थ्यांना ३० टक्के सवलत सुरू केली आणि नंतर त्यासाठी 'एक पुणे विद्यार्थी पास' नावाचं कार्ड काढलं. तिथे सवलत विद्यार्थी असण्यावर आहे. तू कुठून आलास हा प्रश्नच नाही. नम्म मेट्रोत तर नुसतं कार्ड वापरलं म्हणून टोकनपेक्षा ५ टक्के कमी पडतात. माणूस काय करतोय यावर सवलत आणि माणूस कुठला आहे यावर सवलत, या दोन तऱ्हा आहेत. दुसरी चुकीची नाही, पण ती जिथे असेल तिथे सीमेवरचा माणूस कायम खुलासे देत उभा राहतो.

खुलाशांवरून आठवलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगाव तालुक्यात एका बसमध्ये काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. शून्य तिकिटावरून बोलाचाली झाली, तिला भाषेचं वळण लागलं, कंडक्टरला मारहाण झाली. त्यानंतर सीमेच्या दोन्ही बाजूंना बसना काळं फासण्याचे प्रकार झाले आणि दोन्ही राज्यांच्या बस काही दिवस हद्दीपाशी थांबल्या. कोण काय म्हणालं यावर इथं पुन्हा वाद नको. मारहाण चूक होती, आणि पोटासाठी बसमध्ये उभ्या असलेल्या माणसावर हात उचलून कुठलीच भाषा मोठी होत नाही, हे आपल्याच पानावर स्पष्ट लिहायला मला संकोच वाटत नाही. पण त्या दिवसांत हाल कुणाचे झाले? शिनोळीच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणाऱ्यांचे, कोल्हापूरला दवाखान्यात निघालेल्यांचे, परीक्षा असलेल्यांचे. आणि ठिणगी कशाची होती? तिकिटाची. दोन माणसांना एका तिकिटाबद्दल एकमेकांना काहीतरी समजावून सांगायचं होतं आणि ते जमलं नाही.

यंत्र आलं म्हणून असे वाद जादूने संपतील असं मी म्हणणार नाही. यंत्रही माणसाला चिडवू शकतं, विशेषतः ते लाल दिवा लावून गप्प बसलं की. मागच्या वर्षी एका मोठ्या शहरात मी हे अनुभवलं. मोबाईलवरून कार्डात २०० रुपये भरले, मेसेज आला, फाटकावर कार्ड टेकवलं तर लाल दिवा. मागे रांग. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी दोन ओळी आल्या आणि गेल्या. नंतर खिडकीवरच्या ताईंनी सांगितलं की मोबाईलवरून भरलेले पैसे आधी खात्यात येतात, चिपमध्ये उतरवायला स्थानकावरच्या यंत्राला कार्ड एकदा लावावं लागतं. ही गोष्ट कार्डासोबतच्या कागदावर कुठेतरी असेलही. मला इंग्रजी वाचता येतं, तरी त्या दोन ओळींत मला हे कळलं नाही. माझ्या आज्जीला कसं कळणार?

तर मित्रांनो, भाषेचा मुद्दा खरा इथे आहे. आपल्या पिढीला कन्नड येतं. शाळेत शिकलोय, बसच्या पाट्या वाचतो, आकडेही ओळखतो. आपल्यासाठी मराठी पाटी मागायची ती मानासाठी, आणि मान ही छोटी गोष्ट नाही. पण साठीच्या पुढच्या बाईसाठी ती कामाची गोष्ट आहे. आजवर तिला पाटी वाचता येत नसली तरी चालत होतं, कारण बसमध्ये माणूस होता. "ही गाडी खानापूरला जातीय काय?" असं विचारलं की अर्ध्या कन्नड-अर्ध्या मराठीत उत्तर मिळायचं. बेळगावचे कित्येक कन्नड कंडक्टर झकास मराठी बोलतात, हे आपण बोलून दाखवत नाही, पण आहे. यंत्राला विचारता येत नाही. त्याच्यात ज्या भाषा घातल्या तेवढ्याच त्याला येतात. आणि यंत्रात आणखी एक भाषा घालायला जागा लागत नाही, बसच्या पाटीवर लागते तशी. दुकानाच्या पाटीवर कुठली भाषा किती मोठी यावर भांडता येतं, पण यंत्राच्या पडद्यावर बटण दाबलं की भाषा बदलते. एटीएमवर आपण हे रोज बघतो. तेव्हा कन्नड पहिली असू दे, राज्याची भाषा आहे. तिच्यासोबत मराठी असली म्हणून कुणाचं एक अक्षरही कमी होत नाही.

हे मागणं भीक नाही. भाषिक अल्पसंख्याकांसाठी देशपातळीवर जी संरक्षणं ठरलेली आहेत त्यात असं आहे की जिल्ह्यात किंवा तालुक्यात एखादी भाषा बोलणारे १५ टक्के असतील तर महत्त्वाच्या सूचना आणि नियम त्या भाषेतही दिले जावेत. बेळगाव जिल्ह्यात आपण त्याहून जास्त आहोत. त्यासाठी संविधानात कलम ३५०-ब आहे, त्याखाली भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी असतो. बसचं भाडं, सवलतीचे नियम, कार्ड हरवलं तर काय करायचं, याहून महत्त्वाची सूचना रोजच्या जगण्यात कुठली?

रोख पैशांचंही आत्ताच बोलून ठेवू. कार्ड आलं की पहिले सहा महिने 'कार्ड किंवा रोख' असतं, मग एखाद्या दिवशी 'फक्त कार्ड' होतं. ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही, ज्याला खिडकीपर्यंत जायला सुट्टी काढावी लागते, त्याला कार्ड सक्तीचं करणं म्हणजे बसमधून उतरवणं. शिवाय कार्डामागची कंपनी बुडू शकते किंवा तिच्यावर कारवाई होऊ शकते. पेटीएम पेमेंट्स बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले तेव्हा १५ मार्च २०२४ नंतर तिच्या प्रवास-कार्डांत नवे पैसे भरता येईनात. असलेले पैसे संपेपर्यंत वापरायचे, मग ते कार्ड म्हणजे प्लॅस्टिकचा तुकडा. कुठलंही कार्ड घेताना यासाठी एक करा, गरजेपुरतेच पैसे भरा. आठवड्याचे ठीक, महिन्याचे नकोत. चिपमधले पैसे नोटेसारखेच असतात. कार्ड हरवलं की तेही गेले, बँकेला फोन करून ते परत मिळत नाहीत.

बेळगाव स्मार्ट सिटीच्या पहिल्या यादीत, जानेवारी २०१६ मध्ये निवडलेल्या २० शहरांत होतं. रस्ते झाले, दिवे लागले. शहर 'स्मार्ट' झालं तसं एक दिवस बसही होईल, आणि तेव्हा यंत्रं विकत घेण्याचं टेंडर निघेल. भाषा कुठल्या, कार्ड कुठली चालणार, नोंद कशाची ठेवायची, हे सगळं त्या टेंडरच्या कागदात ठरतं. यंत्रं बसमध्ये लागल्यावर आपण मोर्चा काढला तर फार उशीर झालेला असतो. मग उत्तर येतं, "सॉफ्टवेअरमध्ये नाही."

म्हणून काम आधीचं आहे आणि कंटाळवाणं आहे. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो. कर्नाटकात तो एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत लागतो, भाषा इंग्रजी, हिंदी किंवा कन्नड. इथे मराठीचा हट्ट धरू नका, अर्ज परत येईल. त्यात विचारायचं ते असं: तिकीट-यंत्रं किंवा कार्ड-यंत्रं घ्यायचा प्रस्ताव आहे का? त्यांच्या पडद्यावर कुठल्या भाषा असतील? नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड, मग ते कुठल्याही बँकेचं असो, चालेल का? प्रवासाची नोंद किती दिवस ठेवणार? १५० शब्दांत हे आरामात बसतं, मी मोजून बघितलंय.

निवेदन मात्र मराठीत द्या. संविधानाच्या कलम ३५० प्रमाणे केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत, कुठल्याही अधिकाऱ्याकडे तक्रार-निवेदन देण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. 'मराठीत घेत नाही' असं खिडकीवर कुणी म्हणालं तर आवाज चढवू नका, कलमाचा आकडा सांगा आणि पोच मागा. निवेदनात रोख सुरू ठेवा, सवलतीची तपासणी एकदाच करा, पडद्यावर कन्नडसोबत मराठी द्या, एवढं पुरे. सोबत कन्नड शेजाऱ्यांच्याही सह्या घ्या. सुट्ट्यांसाठी तेही भांडतात, आणि आपला पत्ता भरगच्च बसमध्ये दाखवायला त्यांच्या मुलींनाही आवडत नाही.

आमच्या कॉलेजातल्या सात-आठ जणांनी पहिला अर्ज तयार केलाय. त्यातल्या दोघी कन्नड माध्यमातल्या आहेत, मजकूर त्यांनीच सुधारून दिला, कारण माझ्या कन्नडमध्ये त्यांना चार चुका सापडल्या. निपाणी, खानापूर आणि बिदर-भालकीकडच्या मित्रांनी आपापल्या विभागीय कार्यालयाला असाच अर्ज दिला तर उत्तरं एकमेकांना लावून बघता येतील. अर्ज दिल्यापासून ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. उत्तर आलं की त्याचा फोटो इथे टाका, अर्जदाराचं नाव आणि पत्ता झाकून.